करपीची लेक

सडक अर्जुनीहून देवरीकडे निघालं की मोठ्या रस्त्याला लागूनच प्रेमिलाबाईचा ठेला आहे. आलुबोंडा, भजे, चहा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाच्या गावी परत आली. भावाच्या घरी पडून राहायचा तिचा स्वभाव नव्हता. रस्त्याच्या कडेला चार बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली आणि उभी राहिली. तिच्या आलुबोंड्यासाठी रायपूरकडचे ट्रकवाले गाडी बाजूला घेतात. गावची माणसं मात्र यायची ती आलुबोंड्यापेक्षा तिच्या तोंडासाठी.

बाईला माणसांना नावं द्यायची खोड होती. माणूस एकदा ठेल्यासमोरून गेला की त्याचं काहीतरी तिच्या नजरेत बसायचं, आणि भज्याचा घाणा निघेस्तोवर त्याचं नाव तयार. फटफटी चालू होत नाही म्हणून तिला लाथा मारत बसणारा ग्रामसेवक, तो लात्या. उशिरा येणारे गुरुजी, ते पावणेबारा. दाट उभ्या मिशांचा कंडक्टर, तो खराटा. नाव असं चिकटायचं की एकदा ग्रामसेवकाची बायकोच दारात आलेल्या माणसाला सांगून बसली, लात्या घरी नाहीत म्हणून. ज्याला नाव पडलं तोही हसायचा. निदान ठेल्यावर तरी हसायचा. घरी जाऊन काय करायचा हे पाहायला बाई कधी गेली नाही.

तिचा धाकटा भाऊ योगराज. त्याचं लग्न झालं तेव्हा बायको आणली ती देवरीच्या पुढची, जंगलाकडच्या गावची. चंचल तिचं नाव. आता नव्या सुनेने पहिला भात रांधायचा आणि साऱ्या भावकीने तो खायचा, ही त्या घरची रीत. अंगणात मोठी चूल मांडली, तिच्यावर भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवला. जाळ भडकला. लाकूड थोडं मागे ओढायचं, एवढंच काम होतं. पण लाकडाच्या त्या टोकाशी सासरा आणि त्याचे भाऊबंद तंबाखू मळत बसलेले. पोरगी माहेरून शिकून आलेली की सासऱ्यापुढे बोलायचं नाही, जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, जवळून जायचं नाही. ती आपली डोक्यावरून पदर घेऊन, हातात पळी धरून उभी. भाताकडे पाहे, लाकडाकडे पाहे. भात खालून लागला, मग वास सुटला, मग धूर.

प्रेमिलाबाई तिथेच पत्रावळी मांडत होती. तिने सगळं पाहिलं, तिला सगळं समजलं. आणि लाकूड ओढायचं सोडून ती म्हणाली, "आली बाप्पा आमची करपी."

मांडव हसला. सासराही हसला. झालं.

त्यानंतर त्या पोरीने किती वर्षं भात रांधला, कधी एक शीत खाली लागलं नाही. पण नाव लागलं ते लागलंच. ज्यांनी तो भात पाहिला नव्हता त्यांना वाटे, रंगाने सावळी आहे म्हणून करपी म्हणत असतील. चंचल कधी काही बोलली नाही. नणंद घरी आली की 'बाई' म्हणून पाणी पुढे करायची आणि आपल्या कामाला लागायची. प्रेमिलाबाईला वाटे, पोरगी गरीब स्वभावाची आहे.

लेकरू व्हायला वेळ लागला. गेल्या साली धानाची कापणी आटोपली आणि मुलगी झाली. मायसारखीच सावळी, डोक्यावर गच्च केस. प्रेमिलाबाईने ठेल्यावर येईल त्याला फुकट चहा पाजला. आत्याने कानात नाव सांगायचं असतं, तो तिचा मान. आणि बाईला साधं नाव नको होतं. गावात आधीच टीना दोन, रिंकू तीन. मग ती ट्रकवाल्यांना विचारू लागली, तुमच्याकडे पोरींची नावं काय ठेवतात. कोणी पंजाबचं सांगे, कोणी ओडिशाचं.

पण नाव कितीही चांगलं असो, बाईची जीभ ते लगेच वाकवून पाही. प्रेरणा म्हणावं, तर शाळेत पोरं पेरू म्हणतील. मृण्मयी म्हणावं, तर मुन्नी होईल आणि मुन्नीची मुंगी व्हायला काय वेळ. एक सुरेख लांबलचक नाव तिला एका सरदारजीने सांगितलं, तर ते पुरतं ऐकायच्या आधीच तिला त्याला लागणारं चिडवायचं शेपूट दिसलं. दुसऱ्यांच्या लेकरांना नावं देताना हे सारं किती सोपं वाटायचं.

असंच एकदा गजेंद्र बाकड्यावर बसला होता. त्याचं शेत योगराजच्या शेताला लागून, रोजचं गिऱ्हाईक. चहाचा घोट घेऊन त्याने सहज विचारलं, "लहान करपीचं बारसं कवा आय वो बाई?"

बाकडं हसलं. सवयीने बाईही हसली. तोंड आधी हसलं, मग कानाने ऐकलं. तिचा झारा कढईतच थांबला. लेकराला अजून नाव नव्हतं, आणि नाव होतं.

"असं नोको म्हनू गजेंद्र."

"मी कुठं म्हनलो? तुमीच तं ठेवलं."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. भजे काळे पडेपर्यंत बाई तशीच उभी राहिली.

त्याच संध्याकाळी योगराज ठेल्यावर आला. बसला, चहाचा गिलास हातात फिरवत राहिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला की लेकराचं नाव टीना सांगेल. टीना म्हणजे चंचलची बहीण. प्रेमिलाबाई उखडली. आत्या जिवंत असताना मावशी नाव सांगते, हे कोणत्या गावी होते, मी का मेली, असं पुष्कळ बोलली. योगराजने गिलास खाली ठेवला. मग खाली पाहत म्हणाला, "चंचल म्हनते, बाईच्या तोंडातून माह्या पोरीच्या कानात काई जाऊ नये."

चंचल म्हणजे कोण, हे ध्यानात यायला बाईला एक क्षण लागला. भाऊजयीचं नाव. जिच्या हातचा भात इतकी वर्षं खाल्ला तिचं. शरम वाटली ती मान गेला म्हणून नव्हे, त्या एका क्षणाची वाटली. तो क्षण तर योगराजलाही दिसला नव्हता.

बारशाला जावं की नाही, हा मोठा पेच. नाही गेलं तर गाव म्हणेल आत्या रुसली. गेलं तर मान दुसरीला जाताना पाहायचं. शेवटी झबलं-टोपरं घेऊन गेली आणि पुढे न जाता दाराजवळ बायकांच्या मागे बसली. कोणी पुढे बोलावलं तर गुडघा दुखते म्हणाली. गुडघा ठणठणीत होता.

पाळणा सजवला होता. गाणं म्हणायला मंगलीबाई बोलावलेली. तिचं वय झालेलं, डोळ्याला कमी दिसतं, पण गावातल्या साऱ्या लेकरांचे पाळणे तिनेच गायले. ती गाण्यात लेकराच्या मायबापाचं नाव ओवते. सूर लावला आणि गायली, "योगराजाच्या घरी वो, करपीच्या कुशी..."

म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला दुसरं नाव माहीतच नव्हतं. बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. चंचल पाळण्यावर वाकली आणि सरळ असलेलं टोपरं पुन्हा सरळ करू लागली. आणि हसणाऱ्या बायका मागे वळून प्रेमिलाबाईकडे पाहत होत्या. जेवणारे लोक भाजी चांगली झाली की रांधणारणीकडे पाहतात, तसं.

बाईला वाटलं, उठून निघून जावं. दार तर पाठीशीच होतं. उठली, पण पाय दाराकडे गेले नाहीत.

"मंगलीबाई, गानं पुन्हा घ्या," ती म्हणाली. "मायचं नाव चंचल आय."

"कोन चंचल वो?" म्हातारीने खरंच विचारलं.

आता कोणी हसलं नाही. ठेल्यावर पन्नास माणसांत बोलणारी बाई इथे एकेक शब्द जोडत गेली. "माही भाऊजय," ती म्हणाली. "जिले मी करपी केलं. भात तिनं नोता करपवला. सासऱ्यापुढं तिनं लाकूड कसं ओढावं? ओढाले मी होती. मी पाहत बसली, अन् वरून नाव ठेवलं."

चंचलने मान वर केली नाही. टोपऱ्यावरचा हात तेवढा थांबला.

मंगलीबाईने पुन्हा सूर लावला. नवीन नाव चालीत नीट बसेना, तिने ते ओढूनताणून बसवलं. मग टीना वाकली, लेकराच्या कानात पुटपुटली आणि मोठ्याने म्हणाली, "अंजोरी."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. असं नाव गावात कोणी ऐकलं नव्हतं. टीनानेच सांगितलं की त्यांच्याकडे, छत्तीसगडच्या बाजूला, उजेडाला अंजोर म्हणतात. अंजोरी म्हणजे चांदणं. चंचलनेच निवडलं.

आणि इथे प्रेमिलाबाईचं जे झालं ते कोणालाच कळलं नाही. डोळे अजून ओले होते. चारचौघांत चूक कबूल करून घोटभर वेळही झाला नव्हता. तरी पाळण्यातला तो सावळा जीव दिसला, नाव कानावर पडलं, आणि जिभेच्या शेंड्यावर आपोआप आलं, अंधारी. तिने पदर दातात धरला. सगळ्यांना वाटलं, बाईला गहिवर आला. टीनाने तर पाठीवर हातही फिरवला. त्या हाताखाली बाई आणखी लहान होत गेली. जेवणाला ती थांबली नाही.

जे आपल्या जिभेवर आलं ते दुसऱ्याच्याही येणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक. फार वाट पाहावी लागली नाही. गजेंद्र ठेल्यावर आला, बाकड्यावर बसला, बशी पुढे ओढली आणि म्हणाला, "अंजोरी म्हने. रंग पाहून तं अंधा..."

बाईने त्याच्यासमोरून बशी उचलली.

"आता इथं नाव नाई भेटत," ती म्हणाली. "आलुबोंडा भेटते. खाचा असन तं चूप खा."

गजेंद्रला आधी ही थट्टाच वाटली. मग न खाताच उठून गेला. पुढे कधीतरी परत आला, पण ते नाव ठेल्यावर त्याने पुन्हा काढलं नाही. ठेल्याबाहेर काढलं असेल, तर तिथे बाईचा काही इलाज नव्हता. गावच्या माणसांचं येणं जरा कमीच झालं. आलुबोंडा तोच होता, पण आता नुसता आलुबोंडा खाऊन उठायचं म्हणजे माणसाला सुनं वाटतं.

एकदा सकाळी चंचल लेकराला लस टोचायला घेऊन निघाली. ऑटोची वाट पाहायला जागा ती एकच, ठेल्याच्या सावलीची. बाईने हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं. लेकराकडे वाकून म्हणाली, "अंजोरी." लेकराने डोळे मोठे करून पाहिलं. बाईला धीर आला. तिने विचारलं, घरी लाडानं काय म्हणता? अंजू का अंजी?

"एक म्हनतो आमी," चंचल म्हणाली. "पन तुमाले नाई सांगत, बाई."

रागाने नाही म्हणाली. घरात मीठ संपलं असं शेजारणीला सांगावं, तसं म्हणाली. बोलताना प्रथमच तिने नणंदेच्या डोळ्यांत पाहिलं, आणि खाली पाहावं लागलं ते नणंदेला.

"नोको सांगू," बाई म्हणाली. "मले पुरंच नाव बरं आय."

ऑटो आला. चंचल बसली. बसल्यावर लेकराचा हात तिने हलवला की ऑटोच्या हिसक्याने तो हलला, ते बाईला नीट दिसलं नाही.

आता अंजोरी धरून धरून चालते. गल्लीतली पोरं तिला अंजी म्हणतात, मंगलीबाई अंज्या म्हणते, योगराज काही भलतंच म्हणतो. घरातलं ते नाव तेच असेल, पण बाई तिकडे कान देत नाही. ती एकटी पुरं नाव घेते, सावकाश, एकही अक्षर न सांडता. अं-जो-री. कोणी विचारलं की बाई, तुम्ही काऊन नाव तोडत नाही, तुम्ही तर यातल्या वस्ताद, तर ती कढईत पाहत भजे परतत राहते.