मी गेलो नाही म्हणून वाढलेली बंदी

मंडळी, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही.

दवाखान्यात आईला चुकीचं इंजेक्शन दिलं म्हणून मी एका सिस्टरची तक्रार केली होती. आई थोडक्यात वाचली. चौकशी संपेपर्यंत सिस्टरना नर्सिंगचं काम करायला बंदी झाली.

आज मी चौकशीत जबाब द्यायला गेलो, तर त्या बाहेर बाकावर बसलेल्या. म्हणाल्या, "दादा, आज तरी आलात की! मागच्या दोन्ही तारखांना तुमी आला न्हाय, आन् चौकशी पुढं ढकलली, माझी बंदी दोनदा वाढली."

एकदा मी बार्शीला लग्नात होतो. दुसऱ्यांदा नुसता कंटाळा केला होता.

आत जाऊन जबाब दिला. तक्रार खरीच आहे, मागे घेणार नाही. पण माझ्या कंटाळ्याची तक्रार त्यांनी कुठं करायची, सांगा की.