कानबाईचा रोट फाटकावर

आमची योगिता भारी हट्टी. कितीही बोला, ऐकून घेते आणि करायचं तेच करते. माझ्या मोठ्या दिरांची, पंडितभाऊंची, एकुलती लेक. लग्नाचं नाव काढलं की म्हणते, "काकू, आधी माझे उंदीर." आता या पोरीला काय म्हणावं!

पंडितभाऊ इथे सुरतेच्या बमरोलीत कापडाचे लूम चालवायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पायात खिळा घुसला आणि दुसऱ्याच दिवशी कानबाईचं विसर्जन. आम्हा खानदेशी लोकांत कानबाईपुढे कोणी चप्पल घालत नाही. पायाला फडकं गुंडाळून भाऊ पाण्यापर्यंत अनवाणी नाचत गेले. देवीचं काम, अडवणार कोण? चार दिवसांत ताप चढला, मग दम लागला. डॉक्टर म्हणाले, जंतू औषधाने मरतायत, पण अंगाने त्यांच्यावर जी आग काढलीय, त्यात फुफ्फुसंच जळतायत. आमच्या डोळ्यांदेखत गेला माणूस.

योगिता तेव्हा एमएस्सी करत होती. तेरावं झाल्यावर म्हणाली, "त्या आगीचं तोंड बंद करायचं." मला वाटलं, दुःखाने बरळतेय. पण आज ती इथेच सुरतेत एका प्रयोगशाळेत तेच करते. फुफ्फुसात 'सूज आणा' असा निरोप निघतो म्हणे. ती उंदरांच्या नाकातून औषधाचा एक बारीक तुकडा आत सोडते, तो वाटेतच तो निरोप कापतो.

मागच्या खेपेला उंदीर जगले. मी पेढे आणले. तर ही तोंड पाडून बसलेली! ज्यांना मुद्दाम बिनकामाचा तुकडा दिला होता, तेही जगले होते. "म्हणजे आजारच हलका होता, काकू. यावरून काहीच कळत नाही." सगळं मोडीत काढलं आणि परत पहिल्यापासून.

आणि नव्या प्रयोगाची तारीख नेमकी यंदाच्या कानबाईवर आली. लोटूभाऊजी, आमचे चुलत दीर, फोनवरच तापले, "का व पोरी, तुले कानबाई नको का?" ही म्हणाली, "कानबाईवर राग नाही काका. पण आजारी केलेल्या उंदरांना सोडून येता येत नाही."

घरात कुजबुज झाली. माझं डोकं फिरलं. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, भाऊबंदांनीच खायचा, घराबाहेर न्यायचा नाही. सोमवारी, विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी रोटाचा डबा भरला आणि रिक्षाने थेट प्रयोगशाळेच्या फाटकावर गेले. जिथे आमची पोर, तिथे आमचं घर!

योगिता बाहेर आली. डोळे लाल. "काकू, या वेळी बिनकामाच्या तुकड्यावाल्यांची फुफ्फुसं पाण्याने भरली. माझ्या आबांसारखी. माझ्या तुकड्यावाल्यांची बरीच कोरडी राहिली."

मला राहवलं नाही. "तुझे आबा वाचले असते का गं?"

"माहीत नाही. उंदरांना मी आजाराच्या आधीच देते. आबा तर आजार झाल्यावर दवाखान्यात आले." तिने उभ्या उभ्या रोट मोडला. "आता आजार झाल्यावर देऊन बघायचं." रोट खाऊन हात धुतले आणि गेली आत.

दुपारी विसर्जनाला सगळे दारात जमले. लोटूभाऊजी सगळ्यांत पुढे, अनवाणी. अंगठ्याला पट्टी.

"काय झालं पायाला?"

"काही नाही वहिनी, लूमवर लागलं जरासं."

मी माझ्या नवऱ्याच्या चपला उचलल्या आणि कानबाईच्या समोर त्यांच्या पायाशी ठेवल्या. ढोल थांबला.

"घाला, भाऊजी. कानबाईला काय सांगायचं ते मी सांगते."