सावरीच्या कापसातला बारक्या

१९५९ साली माझा साळा नऊ वर्षांचा होता, आणि मी छातीठोकपणे सांगतो, त्यानंतर तो एका दिवसानंही मोठा झाला नाही. लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली, तोंडातले दात गेले, पण माणूस नऊचा तो नऊचाच. माझी शाळा दुसरीत सुटली, म्हणून कोणी मले शिकवायला येऊ नये. मी डोळ्यानं पाहिलेलं तेवढंच लिहितो, आणि ह्या माणसाला मी त्याच्या बहिणीशी माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून पाहत आलो आहे.

त्या साली चैतात आमच्या गावच्या बैलबंड्या महाकालीच्या जत्रेला चांद्याला गेल्या. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. देवाचा मोठा सिनेमा लागायचा होता, पण लोक जागा धरेपर्यंत मशीनवाल्यानं एक लहानसं रीळ चढवलं आणि भोंग्यातून ओरडला, "जपानची चित्रं! हातानं काढलेली, चालती-फिरती!" पडद्यावर एक जनावर आलं. तोंड कोल्ह्याचं, अंग अस्वलाच्या पिल्लाचं आणि डोळे बशीएवढे. ते आईपासून चुकलं होतं आणि तिला शोधत एकटंच जंगलातून निघालं होतं. बोलणं एक अक्षर समजत नव्हतं, पण एवढं कोणालाही समजलं असतं. वरून पांढरं पांढरं काहीतरी हळूहळू पडत होतं. चैतात आमच्याकडे सावरीची बोंडं फुटतात आणि त्यांचा कापूस गावभर उडत असतो. त्या दिवशी तंबूतही तो येऊन लोकांच्या डोक्यावर बसत होता. तेव्हा जपानातही चैत लागला आहे आणि तिकडेही सावरी फुटल्या आहेत, याबद्दल आमच्या मनात काही शंका राहिली नाही. जनावर अर्ध्या वाटेत एका झाडाखाली दम खायला बसलं, आणि तेवढ्यात तंबू भरला. लोक ओरडू लागले, "अबे, देव लाव, देव!" मशीनवाल्यानं रीळ उतरवलं. देव आले, सगळ्यांनी हात जोडले. माझा साळा तेवढा माझी बाही ओढून रडत होता, "भाऊ, तो मायजवळ पोचला का नाई?"

हा प्रश्न त्यानं पुढं जन्मभर धरून ठेवला. त्या जनावराचं नाव त्यानंच बारक्या ठेवलं, आणि घरच्या माणसाची करावी तशी त्याची काळजी करू लागला. पाऊस जास्त झाला की म्हणायचा, "बारक्याच्या तिकडं काय हाल असन कोणाले माहीत." मी सांगायचो, अरे, ते चित्र होय. तो म्हणायचा, "चित्र होय म्हणूनच तं. आपण हालतो-डोलतो, त्याले तिथीच बसवून ठेवलं."

धंदा त्यानं पडदे रंगवण्याचा धरला. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं होतात, आणि नाटकाला दरबार, जंगल, देऊळ असे पडदे लागतात. माझ्या साळ्याचा हात असा, की त्यानं काढलेल्या विहिरीपाशी बायका घागर टेकवतील. पण पडदा कोणताही असो, एका कोपऱ्यात बारक्या बसलेला आणि त्याच्यावर कापूस उडत असलेला. एकदा राजा सिंहासनावर प्राण सोडत होता, सगळी मंडळी डोळे पुसत होती, तेवढ्यात एक म्हातारी उठून उभी राहिली, "अवं, राजाच्या मांगं थे कोण बसलं आहे? त्याले खाली बोलवा!" मेलेला राजासुद्धा हसला. नाटक कंपनीचा मालक दुसऱ्या दिवशी तणतणत आला, "दरबारात कापूस काऊन उडून राह्यला?" माझा साळा शांतपणे म्हणाला, "खिडकी उघडी राह्यली असन."

पुढं घरोघर टीव्ही आले आणि त्यावर जपानी कार्टून हिंदीतून बोलू लागली. ह्यानं घरात पंखा नसताना छपरावर डिश बसवली. पोरांच्या सगळ्यात पुढं मांडी घालून बसायचा, आणि जेवायला हाक मारली तर जाहिरात लागेपर्यंत उठायचा नाही. नवीन कार्टून लागलं की शेवटपर्यंत पाहायचा. न जाणो, बारक्या एखाद्या झाडाआडून निघायचा. आवाज बंद करून दाखवलं तरी कोणतं जपानी ते ओळखायचा. म्हणायचा, "दुसरे लोक नुसते धावतेत अन् आपटतेत, भाऊजी. जपानी माणूस चित्रात उगामुगा बसते, गवत हालते, अन् त्याले कोणी उठवत नाई." मी म्हटलं, बसलेलंच पाहायचं तर माझा बैल पाहा, फुकट आहे. तो खरंच गोठ्यात गेला, चांगला तासभर बैलासमोर बसला आणि येऊन म्हणाला, "याचे डोळे जपानी आहेत." त्या दिवसापासून बैलावर काठी उगारली की तो माझ्याशी बोलणं बंद करायचा.

मागच्या हिवाळ्यात, वाघांच्या जंगलाचं गेट आहे त्या मोहर्लीहून फोन आला. आमच्या गावचा एक जावई तिथं वाघ दाखवायच्या गाड्यांवर गाईड आहे. तो म्हणाला, जपानचे पाहुणे आले आहेत. माझ्या साळ्यानं लग्नातला कोट काढला, जुन्या पडद्याचा बारक्याचा तुकडा कापून गुंडाळला आणि एसटीत बसला. मी सोबत गेलो. त्याला परत आणायला कोणीतरी पाहिजे होतं. गेटावर गाड्या आल्या. सगळे वाघाचं सांगत होते. हा एका जपानी बाईपुढं जाऊन उभा राहिला. बाई आमच्याच वयाची होती. त्यानं तिच्यापुढं कापड उलगडलं आणि जावयाला म्हणाला, "इच्यार, हा पोचला का नाई."

बाईनं वाकून खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली. असं चित्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण त्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून ती इंग्रजीत काहीतरी बोलली, आणि दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून कुडकुडून दाखवलं. जावई म्हणाला, "मामा, त्या विचारतेत, एवढ्या बर्फात हा एकटा काऊन बसला?"

परतीच्या एसटीत तो कापड मांडीवर उलगडून बसला. गावचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, म्या त्याले इतके वर्षं उन्हात समजलो. तो तं थंडीत बसला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात गेलो. बांबूवर दरबाराचा नवा पडदा ताणलेला होता, आणि हा स्टुलावर चढून सिंहासनाशेजारी बारक्यापुढं शेकोटी काढत होता. कंपनीचा मालक खाली उभा राहून कपाळ बडवत होता, "राजाच्या गालिच्यावर शेकोटी? लोक काय म्हणतीन?" मी त्याला म्हटलं, "राजाले थंडी वाजत नाई का?" मग मी डुगडुगणारा स्टूल दोन्ही हातांनी धरला आणि साळ्याला म्हटलं, "लाकडं जरा जास्त काढ. त्याची माय येतवरी पुरली पाहिजेत."