चित्रातल्या कावळ्यांचा घास

माझ्याकडे नॉर्स दंतकथांचं एक पुस्तक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेलं, आणि इतकं जड की मांडीवर घेतलं की आखातातल्या आमच्या अबू हमूरची जमीन दोन बोटं खचते. मजकूर कुणी वाचत नाही, चित्रं बघतात. करड्या जाड कागदावर वेगळी चिकटवलेली चित्रं, प्रत्येकावर बुरख्यासारखा झिरझिरीत कागद. रंग चहात बुडवून काढल्यासारखे. दाढ्या, लाटा आणि धूर, सगळं चित्रकाराने एकाच वळणाच्या रेघांनी काढलंय. एका चित्रात देवांचा म्हातारा राजा बसलाय. एकच डोळा, रुंद टोपी, दोन्ही खांद्यांवर एकेक डोमकावळा.

हे पुस्तक मला बुडत्या जहाजाच्या कप्तानाने दिलं, असं मी सांगतो. ऐकणारे जास्त असले की जहाजाला आगही लागते. खरं म्हणजे आमच्या कंपाउंडमधलं एक इंग्रज कुटुंब मायदेशी निघालं, तेव्हा त्यांच्याकडून मी जुना टोस्टर घेतला. त्याच खोक्याच्या तळाशी हे निघालं.

गेल्या पितृपक्षात शेजारच्या मित्राची आई नाशिकहून आली होती. काकूंचे यजमान आदल्या वर्षी गेले. मित्र इथे प्लांटच्या शटडाउनमध्ये, दुरुस्तीच्या कामात अडकला होता. नाशिकला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यावर मायलेक कधी बोलले नव्हते.

आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा काकूंना एकच घोर. "इथे कावळा मिळेल ना रे?"

"कावळा? काकू, मी दोन पाळलेत!" म्हणत मी पुस्तक उघडलं. "हे रोज पहाटे उडतात, अख्खं जग पालथं घालतात आणि संध्याकाळी म्हाताऱ्याच्या कानात सगळं सांगतात."

इथवर दंतकथा होती. तिथे थांबलो तर मी कसला! "जिवंतांचं सांगतात, गेलेल्यांचंही. इथल्या मुशैरिब भागात एक गुरुजी भेटले, ते म्हणाले, आखातात कावळा नसेल तर यांना दाखवलेला नैवेद्य पोचतो. आमच्या आजोबांनी तर उलट निरोप धाडला, वडे कच्चे होते म्हणून!"

मित्र खो खो हसला. काकू हसल्या की नाही, हे मी पाहिलंच नाही.

तिथीच्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. बाहेर ऊन असं की सरड्यानेही चपला मागाव्यात. दारात काकू, हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट, मागे उपाशी मित्र. गच्चीवर त्या कधीपासून ताटकळत होत्या. मैना आल्या, कबुतरं आली, त्यांना हाकलून हाकलून हात दुखले. कावळ्याचा पत्ता नाही.

"काढ रे तुझं पुस्तक," काकू म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मुलगी पुटपुटली, "बाबा, यू आर सो डेड."

मी टेबलावर पुस्तक उघडलं. झोपलेल्या पोराच्या कपाळावरचे केस सारावेत तसा काकूंनी तो झिरझिरीत कागद बाजूला केला. पुढे ताट ठेवलं, हात जोडले. मग मला म्हणाल्या, "विचार त्या कावळ्यांना. आमच्या ह्यांच्या मनात काही राहिलंय का? मुलगा वेळेवर आला नाही, त्याचा राग आहे का?"

आयुष्यभर मी उंटांना मराठी बोलायला लावलंय. इथे तर एक वाक्य पुरलं असतं. "काकू, ते म्हणतायत..." मी सुरुवातही केली.

तेवढ्यात मित्राने मान वर केली. माझ्या थापेला पहिल्या शब्दालाच हसणारा हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. ऐकायला. खरं मानायला. माझे कान असे तापले की त्यांच्यावर पापड भाजता आले असते.

"काकू, गुरुजी कुणी भेटले नाहीत. आजोबांचा निरोपही नाही. मी थाप मारली."

काकूंनी ताट पुस्तकापासून सरकवून घेतलं. "माझ्या माणसाच्या घासावर?"

मला टोस्टरच्या खोक्यात मावावंसं वाटलं.

बोलला तो मित्र. "आई, राग आहे का, हे मला तुलाच विचारायचं होतं."

काकूंनी ताटातला कलंडलेला वडा सरळ केला. "त्यांना नव्हता," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तुला सुट्टी मिळाली का, एवढंच विचारायचे. राग मला होता."

"आणि आता?"

"आता भूक लागलीये. तूही सकाळपासून उपाशी आहेस." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिववतात. आज थापाड्याचा चालवून घेऊ. बस इथे. आधी तू शिव."

मी खाली मान घालून वड्याचा तुकडा मोडला. चांगला खुसखुशीत होता, तसं सांगायला तोंड उघडलं.

"काव काव नको," काकू म्हणाल्या. "मुकाट्याने खा."