विचारलं मामंजींना, उत्तर दिलं आम्ही

आमच्याकडे थोरल्या माणसाला पाव्हण्यानं काही विचारलं आणि ते माणूस अडखळलं, तर शेजारचा चटकन उत्तर देऊन मोकळा होतो. थोरल्याची पत चारचौघांत जाऊ द्यायची नाही, ही रीत. सून म्हणून त्या घरात आले तेव्हा मला ती फार गोड वाटली होती. तिनंच एकदा आमचा घात केला असता.

माझे मामंजी गुळव्या होते. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस आटत आला की ती नेमकी कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. आमचं गुऱ्हाळ पंचगंगेच्या काठाला, पण पेठ वडगावपासून लोक मामंजींना न्यायला गाडी पाठवत. संस्थानात महाराजांची कारकीर्द होती, कोल्हापूरच्या गुळाला बरकत होती. मामंजी तोंडानं फटकळ. कालवणात मीठ कमी पडलं तर ते कालवणालाच शिव्या देत, मला कधी दिल्या नाहीत. सासरे-सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, म्हणून तसं असेल.

पुढे पुढे ते विसरायला लागले. जेवून हात धुतला की विचारायचे, "आज जेवाण हाय का न्हाय?" आम्ही हसायचो. मग एका दुपारी गुऱ्हाळावर त्यांनी सख्ख्या भावाला ओळखलं नाही. "चोर शिरलाय!" म्हणत उकळत्या रसाची पळी घेऊन त्याच्या अंगावर धावले. नशीब, रस जमिनीवर सांडला. बाधा असेल म्हणून नृसिंहवाडीला नेऊन आणलं, फरक पडला नाही. तेव्हा तेच भाऊ, माझे चुलत सासरे, म्हणाले, "आता वेड्यांच्या इस्पितळात घालूया. उद्या पोरंबाळं भाजली तर?" त्यांचं चुकत नव्हतं. पण तिथं गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.

तसं पाठवायचं तर डॉक्टरचा कागद लागायचा. म्हणून आम्ही मामंजींना बैलगाडीतून कोल्हापुरात एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मामंजींना विचारलं, "आज वार कोणता?"

वेड्यांच्या इस्पितळात घालायला निघालेले चुलत सासरेच सगळ्यांच्या आधी म्हणाले, "सोमवार की!"

"नातवंडं किती?" "तीन," माझे मालक म्हणाले. "सकाळी काय खाल्लंत?" दाराआडून मी म्हणाले, "भाकरी आणि पिठलं."

डॉक्टर हसले. "तुमची सगळ्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. आता बाहेर बसा."

सगळे उठले. मामंजींनी मात्र दाराशी येऊन माझा पदर धरला आणि सोडेनात. मग डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं. हे कधीपासून, असं विचारलं. मी भ्याले. फार दिवसांचं सांगितलं तर आजार मोठा ठरेल, असं वाटलं. मी म्हणाले, "दिवाळीपासनं."

डॉक्टर गंभीर झाले. "दोन महिन्यांत माणूस एवढा बदलला असेल तर हे वेड असू शकतं. मग मला यांना वेड्यांच्या इस्पितळातच पाठवावं लागेल. नीट आठवून सांगा."

मी दाराकडे बघायला लागले. डॉक्टरांनी बाहेर डोकावून गाडी हाकणाऱ्या चाचांना आत बोलावलं. हे चाचा आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात, काहिलीखालच्या भट्टीत, उसाचं पाचट घालायचे. जात मुसलमान, मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. चाचांनी मान खाली घातली.

"तीन हंगाम झालं, डाक्टरसाब. वस्तादास्नी पाक कळंना झालाय. काहील उतरायची झाली की मी खोकतोय. मग वस्ताद म्हणत्यात, उतरा."

मी तोंडात बोट घातलं. तीन वर्षं आमचा गूळ चाचांच्या खोकल्यावर निघत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता! मग माझंही तोंड उघडलं. घरची वाट चुकलेली, माझ्या नवऱ्याला त्याच्या काकाच्या नावानं हाक मारलेली, मी गुपचूप झाकलेलं सगळं, मामंजींच्या देखत, भडाभडा सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "हे वेड नव्हे, बाधा नव्हे. यात मेंदू हळूहळू झिजतो. अशी माणसं वारल्यावर त्यांचा मेंदू भिंगाखाली बघून परदेशात शोध चाललाय. कारण अजून कळलेलं नाही. औषध माझ्याकडे नाही."

"मग तिकडं धाडायचं न्हाय?" चुलत सासऱ्यांनी दारातून विचारलं.

"तिथं ते कुणाला ओळखतील? घरी ठेवा, विस्तवापासून लांब ठेवा." मला लिहिता येतं हे कळल्यावर त्यांनी एक वही दिली. "रोज काय घडलं ते लिहा, झाकू नका. आणि त्यांच्या तोंडचं उत्तर काढून घेऊ नका."

मी साडेचार वर्षं लिहिलं. "आज सदरा उलटा घातला." "आज पाकाची गोळी बरोबर ओळखली." "आज चुलत सासऱ्यांना चोर म्हणाले. ते म्हणाले, व्हय, चोर हाय, चला जेवायला." डॉक्टर दर दोन-तीन महिन्यांनी वही वाचायचे, प्रश्न विचारायचे, फीचं नाव काढू द्यायचे नाहीत. बरं करता येणार नाही हे माहीत असूनही एवढ्या बारकाईनं चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि चाचांचे तर कोणत्या तोंडानं सांगू?

शेवटच्या वर्षी मामंजी कुणालाच ओळखेनात. एका दुपारी मी ताट ठेवून मागे सरले, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तू कुणाची गं?"

माझे मालक सांगायला निघाले होते. मी त्यांना हातानं थांबवलं.

"तुमचीच की," मी म्हणाले.

मामंजी ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मग लांब का हुबी? बस, जेव."

मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्याच ताटात जेवले.