काय घेऊन चालले?

अमरावती शहरात इतिहास, कला आणि निसर्ग या विषयांवरची सगळ्यांत जास्त व्याख्यानं कुणी ऐकली असतील तर ती माझ्या मामेसासऱ्यांनी, असं मी कित्येक वर्षं चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलो. ही व्याख्यानं घडवून आणायचे तेही तेच. दर रविवारी सकाळी नऊला, कॉलनीतल्या समाजमंदिरात. श्रोते म्हणजे शाळा-कॉलेज केव्हाच मागे टाकलेली माणसं: चारदोन निवृत्त कारकून, भातकुलीहून भाजी विकायला येणाऱ्या आणि पाटी रिकामी करून परस्पर येऊन बसणाऱ्या दोघी मावश्या, फोटोंच्या फ्रेमा करणारे शफीचाचा, आणि जावई असल्यामुळे सुटका नसलेला मी. वक्ता कोणीही चाले. ज्याला एक गोष्ट नीट माहीत आहे आणि जो तासभर उभा राहू शकतो तो वक्ता, अशी मामांची सोपी व्याख्या होती. गाविलगडाच्या दरवाजांवर बोलायला प्राध्यापक आले, तशा गोंदणाच्या नक्षीवर बोलायला एक आजीबाईही आल्या. त्या मामांना मोझरीला चहाच्या टपरीवर भेटल्या होत्या. हातावरचं गोंदण पाहून मामांनी तिथेच त्यांचा रविवार ठरवून टाकला.

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी नोकरी त्यांनी भोंग्यातून गाड्या पुकारण्यात घालवली आणि निवृत्त झाले तरी भोंगा काही घशातून गेला नाही. वक्त्याची ओळख ते अशी करून देत: "इकडे लक्ष द्या. आजचं व्याख्यान अजिंठ्याची चित्रं, सुटण्याच्या तयारीत हाये. मधात कोणाले उतरता येणार नाई." खुर्च्यांना नंबर होते, पुढच्या सहा महिलांसाठी राखीव. टेबलाशेजारी जुन्या गाडीतली घंटी दोरीसकट टांगलेली होती. दोन टोले पडले की वक्त्याने सुरू करायचं, एक पडला की थांबायचं. एक विद्वान गृहस्थ "आणि आता शेवटचं पण सगळ्यांत महत्त्वाचं" इथपर्यंत आले असताना टोला पडला. ते महत्त्वाचं काय होतं, हे अमरावतीला आजवर कळलेलं नाही. स्वतः मामा मात्र वक्त्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसत. डुलक्या पकडायला बसतात, अशी आमची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. जो डुलला त्याला पुढच्या रविवारी शेवटची खुर्ची मिळे. तिचा एक पाय आखूड होता.

पण खरी परीक्षा दारात व्हायची. व्याख्यान संपलं की मामा दाराचं एक कवाड लावून घेत, दुसऱ्यात स्वतः उभे राहत आणि तिकीट तपासावं तसं एकेकाला अडवत. "काय घेऊन चालले?" ऐकलेल्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाची सुटका नसे, आणि आधीच्याने सांगितलेली चालत नसे. त्यामुळे टाळ्या संपायच्या आत दाराकडे जी झुंबड उडायची ती पाहून वक्त्यांचा गैरसमज होई. भातकुलीच्या एका मावशीने एकदा सांगितलं, "चित्रातल्या राणीच्या पायात जोडवे नोते. मी नीट पाह्यलं." मामांनी ते खूश होऊन वहीत लिहून घेतलं. एकदा मी सगळ्यांत मागे राहिलो. माझ्याजवळचं सगळं पुढच्यांनी सांगून टाकलेलं. "खुर्ची टोचते," मी म्हणालो. मामांनी तेही लिहिलं. पुढच्या रविवारी खुर्ची दुरुस्त झालेली होती.

यंदा हिवाळा सरता सरता धामणगाव रेल्वेहून एक शिक्षिका पक्ष्यांवर बोलायला आल्या. बाई छान बोलल्या. मध्येच म्हणाल्या, "आता सगळ्यांनी डोळे मिटा," आणि फोनवर तांबट पक्ष्याचा आवाज लावला. टुक, टुक, टुक. आम्ही शहाण्या मुलांसारखे डोळे मिटून बसलो. तेवढ्यात घंटीचा टोला असा पडला की शफीचाचांचा चष्मा खाली आला. मामा उभे राहून गरजत होते, "धर्मशाळा हाये का हे? बाई जीव तोडून बोलून राहिल्या आन् अख्खी गाडी झोपली!"

फोनमधला तांबट तेवढा शांतपणे आपलं काम करत होता. शफीचाचा उठून मामांसमोर गेले आणि हळूच म्हणाले, "भाईसाब, बाईंनीच डोळे मिटाले सांगितलं. पाखराचा आवाज सुरू हाये ना." मामांनी चाचांच्या तोंडाकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं आणि खाली बसले. व्याख्यान कसंबसं संपलं. त्या दिवशी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती आणि मामा दारात नव्हते. आम्ही न अडता बाहेर आलो. कोणालाच बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या फळ्यावर मामांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सर्व फेऱ्या रद्द.

आम्ही समजलो, वयाचा तिरसटपणा, उतरेल. महिना गेला तरी फळा तसाच होता. मग मामींचा फोन आला. "जवाईबापू, हे दर मंगळवारी एकटेच अकोल्याले जाऊन राहिले. कावून जाता म्हटलं तं बोलत नाईत. गादीखाली दवाखान्याचा लिफाफा ठेवला हाये. मले उघडाची हिंमत होत नाई." हिंमत माझीही नव्हती. मंगळवारी मी अकोल्याच्या गाडीत मामांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी मला पाहिलं, लिफाफा शर्टात सरकवला आणि "खिडकी माझी हाये," एवढंच म्हणाले. अकोला येईपर्यंत माणसाला जेवढे म्हणून भयंकर रोग होऊ शकतात तेवढे सगळे मी मनातल्या मनात मामांना लावून पाहिले. रविवार मामांशिवाय कसा असेल हेही मनात येऊन गेलं.

डॉक्टर मला पाहून म्हणाले, "बरं झालं कोणीतरी आलं. कान पार गेलेत हो. बाकी माणूस ठणठणीत आहे. यंत्र लावा म्हणून महिनाभर सांगतोय, तर हे लाजतात."

"बस, एवढंच?" मी विचारलं. एवढंच होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून असा हसत सुटलो की सिस्टर पाणी घेऊन आल्या. मामींना फोन केला तर त्या आधी रडल्या आणि मग चिडल्या. "कान व्हय? आन् मी इथी मंगळवार धरून बसली!"

परत निघताना अकोल्याच्या स्टँडवर चहा घेतला, तेव्हा मामा बोलते झाले. अमरावतीत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून मामांनी अकोला गाठलं होतं. सगळ्यांत जास्त व्याख्यानं ऐकलेल्या या माणसाने गेल्या पाच वर्षांत एकही व्याख्यान ऐकलेलं नव्हतं. मी जवळ सरकून, प्रत्येक शब्दाला तोंड मोठं उघडून विचारलं, "मग चालवलं कसं?"

"तुमची तोंडं पाहून," मामा म्हणाले. "गोष्ट चांगली असली का तोंडावर दिसते. राह्यलेलं तुमी दारात सांगत होते. जवळून पाह्यलं का ओठावरून समजते, म्हणून एक एक सोडत होतो. त्या दिवशी अख्ख्यांचे डोळे मिटलेले, तं मले वाटलं, बत्तीच गेली." मग कप बाजूला ठेवून म्हणाले, "ज्याले ऐकू येत नाई त्यानं व्याख्यानं भरवाची, हे लबाडी हाये, जवाईबापू."

"मामा," मी ओरडलो, तसा अर्धा स्टँड वळून पाहू लागला, "तुम्ही दारात अडवता म्हणून तर आम्ही ऐकतो!"

त्यांना ते कळलं. कारण चहा संपवून त्यांनी स्वतःहून दवाखान्याकडे पाय वळवले.

फळा पुसला गेला. यंत्र लावून पहिल्या रविवारी मामांनी धामणगावच्या त्याच बाईंना बोलावलं, तोच तांबट लावायला सांगितला, आणि आमच्यासोबत स्वतःही डोळे मिटले. त्या दिवशी वेळ संपल्याचा टोला कुणीच दिला नाही. पुढे मात्र मामा कुरकुरू लागले. "बरेच जण भलतेच रटाळ बोलतात ना जी! तुमी दारात सांगत होते ते यापेक्षा चांगलं होतं." कवाड अजून एकच उघडतं, प्रश्न तोच आहे. मामांचं वय वाढतं आहे, आमचंही. हे किती रविवार चालेल, असं हल्ली मध्येच मनात येतं.

गेल्या रविवारी ताम्रपटांवरचं व्याख्यान होतं. व्याख्यान रंगात येईना. मधेच मामांनी कानातलं यंत्र काढून हळूच खिशात टाकलं, खुर्ची पूर्वीसारखी आमच्याकडे वळवली आणि एकेकाचा चेहरा पाहू लागले. माझ्याशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. मामांची नजर माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ताठ बसलो आणि त्यांना नीट दिसावं म्हणून, होतं नव्हतं ते सगळं चेहऱ्यावर आणून ऐकत राहिलो.