अक्कांचा मस्कतचा विमा

कोणताही कागद समोर आला की अक्का त्याच्यावर उजवा तळहात दाबून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी वाचून दावा. मग अंगठा मागा." खरं तर त्यांच्याकडे अंगठा कोणी मागत नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, सही चांगली ठसठशीत करायच्या. पण बोलायच्या तसंच.

कडा गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. अशा दुकानात तुम्हीही कधीतरी ताटकळला असाल, म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल. माणसं कागद टेबलावर टाकतात, "बघा तुमी" म्हणतात आणि बाहेर चहाला जातात. अक्का जागच्या हलायच्या नाहीत. एकदा रेशनच्या अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही त्यांनी मला वाचायला लावलं.

"ह्यो कोण?"

"छापणारा आहे, अक्का."

"मग माज्या अर्जात कावून घुसलाय?"

मी अर्ज उलटून मागची बाजू वाचायला घेतली.

अक्का मूळच्या शिरूर कासारकडच्या. नवऱ्याबरोबर बारा-तेरा हंगाम ऊस तोडला. नवरा वारल्यावर कड्याला भावाकडे आल्या. पुढे नगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला राहिल्या आणि त्यांच्याच ओळखीनं मस्कतला गेल्या. तिथल्या एका गुजराती कुटुंबात म्हातारीला सांभाळायचं काम होतं. पासपोर्टचा फॉर्म अर्थात मीच भरला. भीती नाही का वाटत, असं विचारलं तर म्हणाल्या, "उसाला ट्रकात बसून जायचं, हितं इमानात बसून जायचं. बसायचंच हाय न्हवं?"

दोन वर्षांनी सुट्टीवर आल्या त्या थेट दुकानात. हातात तीन कागद. त्यांच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं की परदेशी माणसाला तिथला दवाखाना झेपत नाही, खाजगी विमा घ्यावाच लागतो. या तिन्हींतला पाहिजे तो निवडून फॉर्म भरून आणा. कागद इंग्रजीत होते. मी वाचत आणि सांगत गेलो. पहिल्या विम्यात फक्त मस्कतमधला उपचार होता. दुसऱ्यात सुट्टीवर गावी आल्यावरचाही होता. तिसऱ्यात मरण आलं तर देह विमानानं गावी पोचवायची सोय होती आणि तिचीच जाहिरात मोठी होती.

"मेल्यावर इमानानं आणत्यात? जित्या माणसाला खिडकीची जागा देत न्हाईत आन् मेलेल्याचं कवतिक! जितेपणीचं सांगा दादा."

मग हाड मोडलं तर काय, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्यात ते पूर्ण होतं. अक्कांनी तोच उचलला. "म्हातारी पडली तर मी उचलते. मी पडले तर मला कोण उचलंन?"

इतकी नीट निवड मी शिकल्यासवरल्या माणसांनाही करताना पाहिलेली नाही. मी तसं म्हटलंही. त्या खूश झाल्या. आणि मग प्रकृतीच्या प्रश्नांचं पान आलं.

साखर आहे का? नाही. रक्तदाब? नाही. आजवर काही ऑपरेशन?

"न्हाई. मला कधी तापसुदिक आला न्हाई," अक्का म्हणाल्या.

माझा हात माऊसवर थांबला. आमच्या भागातला माणूस इथे थांबणारच. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, तिशीच्या आत-बाहेर काढून टाकतात. पाळीचा त्रास नको आणि कामावर खाडा नको. माझ्या सख्ख्या मावशीची काढली होती. आणि अक्कांचं तर मला पक्कं माहीत होतं, कारण बुडालेले दिवस खरे होते हे मुकादमाला दाखवायला त्यांनी दवाखान्याचा जो कागद नेला, त्याची झेरॉक्स, ऊसतोडीच्या काळात त्या भावाकडे आल्या असताना, मीच काढून दिली होती.

पण दुकान भरलेलं होतं. बाकावर शाळेचे मास्तर होते, सोसायटीचे दोन सभासद होते. सगळे आमचंच ऐकत होते. चारचौघांत एका बाईला "अक्का, तुमची पिशवी काढलीय ना?" असं विचारायला माझी जीभ रेटेना. दुपारी या म्हणता आलं असतं. आत घरात माझी बायको होती, तिच्याकडे पाठवता आलं असतं. हे सगळं मला आज सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. मी "नाही"वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

आठ महिन्यांनी मस्कतला अक्का न्हाणीघरात म्हातारीला सावरताना पडल्या. म्हातारीला काही झालं नाही. अक्कांचा खुबा मोडला. या वयात हाडं इतकी पोकळ कशी, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि अक्कांनी पिशवी काढल्याचं सगळं सांगितलं; पिशवी लवकर गेली की हाडं लवकर झिजतात म्हणे. ते रिपोर्टात गेलं. विमा कंपनीनं कळवलं की जुनं ऑपरेशन लपवलं आहे, पैसे मिळणार नाहीत.

अक्कांचा तिथूनच फोन आला. आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"दादा, तुमाला खोट्यात पाडलं वो मी. ते आपरेशन असतंय व्हय? मला खरंच ठावं नव्हतं. आमच्या टोळीत जिची न्हाई काढली ती बाई सापडायची न्हाई. दात पाडल्यावानी वाटायचं. तुमी इचारलंतं बी, आन् मी न्हाई म्हणले."

"असू द्या अक्का, होतं असं," मी म्हणालो.

मी चक्क त्यांना माफ केलं! मला माहीत होतं, हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मनाची समजूत घातली की बाई दुखण्यात आहे, गावी आल्यावर सांगू.

त्या आल्या. मालकांनी तिकीट काढून दिलं होतं, पण ऑपरेशन नगरला होईपर्यंत महिना उलटला आणि पाय आखूड झाला. काम गेलं. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो. अक्का खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. भावजयीला म्हणाल्या, "ह्येच ते दादा. ह्येंच्या दुकानाचं नाव मी घालवलं." आणि त्यांनी मला हात जोडले. भावजय चहा घेऊन उभी होती. मी चहा घेतला, प्यायलो, बशी खाली ठेवली आणि घरी आलो. त्या दिवसाची मला आजही शरम वाटते.

त्यानंतर मी गेलो नाही. भावाचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. अक्कांना तेवढंही चालवत नाही, म्हणून त्या दुकानात येत नाहीत. माझे पाय धड आहेत.

मागच्या आठवड्यात एक बाई आली. कुवेतला स्वयंपाकाला निघालेली, विम्याचा फॉर्म घेऊन. दुकानात गर्दी होती. मी काही विचारायच्या आत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माजी पिशवी काढलेली हाय. आधी ते लिवा."

बाकावरच्या माना वळल्या. बाई मात्र ताठ उभी.

"अक्कानं बजावलंय," ती म्हणाली. "म्हणल्या, दादाला समदं खरं सांग. लई भला माणूस हाय. मी फशिवलं तसं तू फशिवू नको."

मी मान खाली घालून "होय"वर खूण केली. छापील कागद तिच्या हातात दिला. तिनं तो घडी करून पदराखालच्या पिशवीत ठेवला आणि जाता जाता दारात थांबली.

"सांजच्याला अक्काकडं जायचं हाय. काय सांगू त्यास्नी?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"सांगा," मी म्हणालो, "लिहिलं म्हणून."